स्विच, आयसोलेटर की ब्रेकर? इमारतीच्या डेटा मॉडेलमध्ये विद्युत उपकरणांचा वर्ग कसा ठरवायचा

बिम (इमारतीचं डिजिटल माहिती-मॉडेल) किंवा फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या कामाला नव्याने लागलात की लवकरच एक एक्सेल शीट हातात येते. इमारतीतली सगळी विद्युत उपकरणं त्यात असतात: ‘मेन स्विच’, ‘एमसीबी सी ३२’, ‘ईएलसीबी’, ‘आयसोलेटर ६३ ए’, ‘चेंजओव्हर’, ‘पंप स्टार्टर’. शेजारच्या कॉलममध्ये प्रत्येकाचा वर्ग भरायचा असतो. ड्रॉपडाउनमधून जवळचं वाटेल ते नाव निवडलं की शीट दुपारपर्यंत भरून होते. पण पुढे देखभालवाला ‘वीजगळतीपासून संरक्षण देणारी सगळी उपकरणं दाखव’ म्हणून यादी काढतो, तेव्हा निम्मी त्यात नसतात. ज्याला शॉर्टसर्किट तोडताच येत नाही अशा आयसोलेटरची नोंद ब्रेकर म्हणून झालेली असते, आणि त्या नोंदीच्या भरवशावर कुणीतरी पॅनलसमोर उभं राहतं. म्हणून हे काम शांतपणे करायला हवं.

हा लेख आयएफसी धरून लिहिला आहे. बिल्डिंगस्मार्ट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हा खुला डेटा नमुना आयएसओ १६७३९-१ म्हणून ओळखला जातो आणि त्याची ४.३ ही आवृत्ती २०२४ मध्ये आयएसओ मानक म्हणून आली. ब्रिक हा इमारतींचा दुसरा डेटा नमुना वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे. वर्गांची नावं मी देवनागरीत देतो आहे. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्द जोडून लिहिलेली दिसतील.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. उपकरणाला साइटवर काय म्हणतात, ते दिसतं कसं, बसवलंय कुठे, यावरून वर्ग ठरत नाही. ते वीजप्रवाहाचं नेमकं काय करतं, यावरून ठरतो.

कामाला बसण्याआधी जवळ काय हवं

- ॲज-बिल्ट सिंगल लाइन डायग्राम. टेंडरचा नको, साइटवर बदल झालेले असतातच.
- प्रत्येक डीबीचं (डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचं) शेड्यूल आणि एलटी पॅनलचं (कमी दाबाच्या मुख्य पॅनलचं) जीए ड्रॉइंग, म्हणजे मांडणीचा आराखडा.
- पॅनलवाल्याने दिलेलं मटेरियलचं बिल आणि कॅटलॉग. मॉडेल नंबरवरून निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.
- रिले आणि रिलीज (ब्रेकरला तुटायला लावणारा भाग) यांच्या सेटिंगची शीट, केबल शेड्यूल.
- प्रत्येक पॅनलचे जवळून काढलेले, अक्षरं वाचता येतील असे फोटो.
- आयएफसी फाइल उघडायला एखादा व्ह्यूअर. थोडं पायथन येत असेल तर आयएफसी-ओपन-शेल ही मोफत लायब्ररी फार उपयोगी पडते.

फोटो काढायला जाल तेव्हा चालू पॅनलचं आतलं कव्हर स्वतः उघडू नका. परवानगी घेऊन, साइटच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन जा. दार उघडल्यावर बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच टिपा, बाकीचं कागदावरून घ्या.

## १. उपकरणाचा चेहरा वाचा

डीबीचं दार उघडल्यावर एका रांगेत पांढरी, सारख्या आकाराची, वर-खाली होणाऱ्या दांड्यांची उपकरणं दिसतात. लांबून सगळीच एमसीबी (बिघाडात आपोआप तुटणारे छोटे ब्रेकर) वाटतात. जवळ जा.

एमसीबीवर आकड्याआधी अक्षर असतं: बी १०, सी ३२, डी २०. हे अक्षर म्हणजे ट्रिपिंगची वक्ररेषा. बी प्रकार रेटिंगच्या ३ ते ५ पट प्रवाहाला लगेच तुटतो, सी ५ ते १० पट आणि डी १० ते २० पट. खाली चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. तेवढ्या अँपिअरचा शॉर्टसर्किट तो तोडू शकतो.

आता डीबीच्या इनकमरकडे, म्हणजे वीज आत येते त्या पहिल्या उपकरणाकडे पाहा. त्यावर नुसतं ‘६३ ए’ लिहिलेलं असेल, आधी अक्षर नसेल आणि चौकटीतला आकडाही नसेल, तर तो बहुधा आयसोलेटर आहे. अंगावरची आकृतीही बघा. संपर्काच्या टोकाला फुली असेल तर ब्रेकर. आडवी रेघ म्हणजे वेगळं करण्याची, आयसोलेशनची क्षमता. छोटं वर्तुळ म्हणजे चालू लोडवर उघड-बंद करता येतं. वर्तुळ आणि रेघ दोन्ही, पण फुली नाही, तर तो स्विच-डिस्कनेक्टर.

‘टी’ लिहिलेलं टेस्ट बटण आणि ‘०.०३ ए’ किंवा ‘३० मिलिअँपिअर’ असं काही दिसलं, तर ते गळती ओळखणारं उपकरण. त्यांचा विषय नाजूक आहे, चौथ्या पायरीत सविस्तर येतो.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे छापलेला मानक क्रमांक. तो एवढ्या बारीक अक्षरात असतो की फोटो मोठा करून वाचावा लागतो, पण एकदा सवय झाली की बरेचसे वाद मिटतात:

- ६०८९८: एमसीबी
- ६०९४७-२: एमसीसीबी आणि एसीबी हे मोठ्या प्रवाहाचे ब्रेकर (पुष्कळ एमसीबींवर ६०८९८ बरोबर हाही असतो)
- ६०९४७-३: स्विच, डिस्कनेक्टर, स्विच-डिस्कनेक्टर, फ्यूजसह येणारे स्विच
- ६०९४७-४-१: कॉन्टॅक्टर (सिग्नलवर मुख्य प्रवाह जोडणारा-तोडणारा) आणि मोटर स्टार्टर
- ६०९४७-६-१: ट्रान्सफर स्विच, म्हणजे एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा आपला चेंजओव्हर
- ६१००८ किंवा आयएस १२६४० भाग १: आरसीसीबी (फक्त गळतीवर तुटणारा)
- ६१००९ किंवा आयएस १२६४० भाग २: आरसीबीओ (गळती, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट तिन्हींवर तुटणारा)
- आयएस ३८५४: भिंतीवरचे घरगुती स्विच

## २. चार प्रश्न, याच क्रमाने

१) बिघाड झाल्यावर हे उपकरण स्वतःहून तुटतं का?
२) तुटत नसेल, तर माणसाने किंवा सिग्नलने मुख्य प्रवाह उघड-बंद करायला ते आहे का?
३) मुख्य प्रवाह यातून जातच नाही, फक्त नियंत्रणाचा सिग्नल जातो, असं आहे का?
४) की हे नुसतं मोजतं किंवा ओळखतं?

पहिल्याला ‘हो’ असेल तर ‘प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस’. दुसऱ्याला ‘हो’ असेल तर ‘स्विचिंग डिव्हाइस’. तिसऱ्यात पुश बटण, सिलेक्टर, कीपॅड येतात. आयएफसीत तेही ‘स्विचिंग डिव्हाइस’मध्येच जातात, फक्त प्रकार वेगळा. चौथं ‘हो’ म्हणजे सेन्सर.

क्रम बदलू नका. एमसीबीने रोज दिवे लावतात-विझवतात अशी कितीतरी दुकानं आणि गोदामं आहेत. दुसरा प्रश्न आधी विचारलात तर ते सगळे एमसीबी स्विच ठरतील.

## ३. प्रकार निवडा

‘प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस’मध्ये एमसीबी, एमसीसीबी, एसीबी, व्हीसीबी आणि मोटरसाठीचा एमपीसीबी या सगळ्यांचा प्रकार एकच, ‘सर्किट ब्रेकर’. नवख्यांना हे खटकतं, कारण आपल्याकडे ही सगळी वेगळी नावं आहेत. मॉडेलमध्ये हा फरक उपकरणाच्या प्रकार-नोंदीतून आणि गुणधर्मांतून दाखवायचा, वर्गातून नाही. फ्यूजसह येणारे स्विच, म्हणजे एसएफयू, ‘फ्यूज डिस्कनेक्टर’ म्हणून टाका. व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारा एसपीडी ‘व्हॅरिस्टर’मध्ये बसतो.

‘स्विचिंग डिव्हाइस’मध्ये आयसोलेटर आणि लोड-ब्रेक स्विच यांना ‘स्विच डिस्कनेक्टर’. कॉन्टॅक्टर आणि स्टार्टर यांचे प्रकार त्याच नावाने आहेत. भिंतीवरचा साधा स्विच ‘टॉगल स्विच’, घंटीचं बटण ‘मोमेंटरी स्विच’, लिफ्टच्या मशीनरूममधलं लाल छत्रीसारखं बटण ‘इमर्जन्सी स्टॉप’. जिन्यातला टू-वे स्विचही ‘टॉगल’च; तो टू-वे आहे ही माहिती ‘स्विच फंक्शन’ या गुणधर्मात ‘डबल थ्रो’ म्हणून जाते.

आवारात ११ केव्हीचं आरएमयू (रिंग मेन युनिट, उच्च दाबाचं स्विचिंग युनिट) असेल तर त्यातला अर्थिंग स्विच नावाने स्विच असूनही आयएफसीत ‘प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस’खाली येतो. दुसऱ्या प्रश्नाला तिथे ‘हो’ म्हणण्याचा मोह होईल, पण नमुन्याने त्याला सुरक्षेचं उपकरण मानलं आहे, तसंच ठेवा. त्यातली काही उपकरणं वीज कंपनीच्या मालकीची असतात. मालकीचा रकाना आत्ताच भरा, नाहीतर देखभालीच्या कंत्राटात ती चुकून शिरतात.

पॅनल स्वतः या दोन्ही वर्गांत नाही. त्याला ‘इलेक्ट्रिक डिस्ट्रिब्यूशन बोर्ड’ हा स्वतंत्र वर्ग आहे. फ्लॅटमधल्या डीबीला ‘कन्झ्युमर युनिट’, मजल्यावरच्याला ‘डिस्ट्रिब्यूशन बोर्ड’, एलटी पॅनलला ‘स्विचबोर्ड’, पंपघरातल्या एमसीसीला ‘मोटर कंट्रोल सेंटर’.

## ४. आरसीसीबी: इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो

बाजारात आणि साइटवर आपण सरसकट ‘ईएलसीबी’ म्हणतो. दुकानात ईएलसीबी मागितला की हातात आरसीसीबी मिळतो. ड्रॉपडाउनमध्ये तीन नावं दिसतात: ‘अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर’, ‘रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर’ आणि ‘रेसिड्युअल करंट स्विच’. ईएलसीबी लिहिलंय म्हणून माणूस पहिलं निवडतो. थोडा जाणकार असेल तर आरसीसीबीचं पूर्ण नाव आठवून दुसरं निवडतो. दोन्ही चूक.

आयएफसीच्या व्याख्या वाचल्या की कारण कळतं. ‘अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर’ म्हणजे अर्थच्या तारेवरचं व्होल्टेज मोजून तुटणारं जुन्या पद्धतीचं उपकरण. आज बसवल्या जाणाऱ्या डीबीत तुम्हाला ते सापडणार नाही. ‘रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर’ या प्रकारात गळतीबरोबर शॉर्टसर्किट आणि ओव्हरलोड दोन्हींचं संरक्षण धरलेलं आहे. आपला आरसीसीबी शॉर्टसर्किट आणि ओव्हरलोड यांपैकी कशाचंच संरक्षण देत नाही. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतला फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो तुटतो, एवढंच त्याचं काम. माणसाच्या जिवासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवतात. आगीपासून बचावासाठी १०० किंवा ३०० मिलिअँपिअर.

म्हणून:

- आरसीसीबी (नुसतं ‘६३ ए’ आणि ‘०.०३ ए’, अक्षर नाही): ‘रेसिड्युअल करंट स्विच’
- आरसीबीओ (‘सी १६’ सारखं अक्षर आणि शिवाय ‘०.०३ ए’): ‘रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर’
- ‘अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर’: जुन्या इमारतीत खरोखरच व्होल्टेजवर चालणारं उपकरण सापडलं, तरच

हा फरक कागदी नाही. आरसीसीबीला ओव्हरलोडपासून वाचवणारा एमसीबी वेगळा लागतो. मॉडेलमध्ये आरसीसीबीला ब्रेकरचा प्रकार दिलात, तर तपासणी करणारं सॉफ्टवेअर ‘या सर्किटला ओव्हरलोड संरक्षण आहे’ असं समजून पुढे जाईल. प्रत्यक्षात ते सर्किट संरक्षणाविना असेल. वेळ कमी असला आणि एकच पायरी नीट करता येणार असली, तर ही करा.

गळतीची मर्यादा आणि एसी की ए हा प्रकार (कोणत्या तऱ्हेचा गळतीप्रवाह ओळखतो तो) गुणधर्मात नक्की भरा. ‘टी’ बटण दाबून करायच्या चाचणीचं वेळापत्रक याच यादीवरून निघतं.

## ५. नावात ‘स्विच’ आहे म्हणून फसू नका

टाकीतला फ्लोट स्विच, चिलरच्या पाइपवरचा फ्लो स्विच, फायर पंपचा प्रेशर स्विच: ही सगळी चौथ्या प्रश्नाची मंडळी, सेन्सर. आयएफसीत त्यांना पातळी, प्रवाह आणि दाबाच्या सेन्सरचे प्रकार आहेत. नेटवर्क रॅकमधला स्विच तर डेटा वाहतो. तो ‘कम्युनिकेशन्स अप्लायन्स’ या वर्गात जातो. शीटमध्ये ‘स्विच’ शब्दाने फिल्टर लावून सगळ्या ओळींना एकदम वर्ग देण्याची सवय याच कारणाने टाळा.

‘मेन स्विच’ ही तर भूमिका आहे. तो एसएफयू असू शकतो, एमसीसीबी असू शकतो किंवा आयसोलेटर असू शकतो. इनकमर, बसकपलर (पॅनलचे दोन भाग जोडणारा), आउटगोइंग यांचंही तसंच. त्यासाठी ‘भूमिका’ असा वेगळा रकाना ठेवा. दोन गोष्टी एका रकान्यात कोंबल्या की नंतर त्या सुट्या करणं जिवावर येतं.

## ६. कशातच बसत नाही ते

चेंजओव्हरसाठी आयएफसीत तयार प्रकार नाही. आधी बघा की तो आहे कसा. एकाच खोक्यात येणारा, ६०९४७-६-१ छापलेला असेल, तर ‘स्विचिंग डिव्हाइस’ वर्ग, प्रकार ‘यूजर डिफाइन्ड’, आणि ‘ऑब्जेक्ट टाइप’च्या रकान्यात ‘ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच’ किंवा ‘मॅन्युअल चेंजओव्हर’. पण डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) एएमएफ पॅनलमध्ये, म्हणजे वीज गेल्यावर लोड आपोआप जनरेटरवर नेणाऱ्या पॅनलमध्ये, इंटरलॉक केलेले दोन एसीबी असतील, तर ते दोन वेगळे ‘सर्किट ब्रेकर’ आहेत, एका बोर्डात बसलेले. त्यांना मिळून एक ट्रान्सफर स्विच करू नका. त्यांचं सर्व्हिसिंग वेगवेगळं होतं.

‘यूजर डिफाइन्ड’ आणि ‘नॉट डिफाइन्ड’ यांत गल्लत नको. पहिल्याचा अर्थ, मला माहीत आहे, पण यादीत नाही. दुसऱ्याचा अर्थ, मी अजून ठरवलेलं नाही. पहिला निवडून ‘ऑब्जेक्ट टाइप’ रिकामा सोडला तर त्या नोंदीचा कुणाला उपयोग नाही.

मोटरच्या डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो आणि ओव्हरलोड रिले असतो. पहिल्या प्रश्नाला तिथे अर्धवट ‘हो’ येतं, पण मी खोक्याला ‘स्टार्टर’ म्हणतो आणि रिलेची रेंज व सेटिंग त्याच्या गुणधर्मांत ठेवतो. मोठ्या पंपांच्या स्टार-डेल्टा पॅनलमध्ये मात्र तीन कॉन्टॅक्टर वेगळे दाखवणं फायद्याचं, कारण बदलायची वेळ आली की एकेकटाच बदलला जातो.

## ७. प्रकार आणि नग वेगळे ठेवा

एकाच मॉडेलचे चाळीस एमसीबी असतील तर प्रकाराची नोंद एक आणि नगांच्या नोंदी चाळीस. उत्पादक, मॉडेल, पोल, वक्ररेषा, तोडण्याची क्षमता प्रकाराकडे. टॅग, जागा, सिरियल नंबर, बसवल्याची तारीख नगाकडे.

सेटिंग कुठे टाकायचं, इथे बहुतेक जण अडखळतात. समजा एमसीसीबीची फ्रेम २५० अँपिअरची, रेटिंग २०० आणि ओव्हरलोडचं सेटिंग ०.८. म्हणजे तो १६० अँपिअरला बेतलेला आहे. फ्रेम आणि रेटिंग प्रकारात जातात, ०.८ नगात, कारण शेजारचा तसाच एमसीसीबी ०.९ वर असू शकतो. शीटमध्ये ‘अँपिअर’ असा एकच रकाना असेल तर तीन करून घ्या, मग भरा.

एसीबीचा इलेक्ट्रॉनिक रिलीज हवा असल्यास ‘प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस ट्रिपिंग युनिट’ या वर्गात स्वतंत्र नोंदवून ब्रेकरला जोडता येतो. एसीबीसाठी ते करा, कारण रिलीज वेगळा बदलतात. एमसीबीसाठी त्या भानगडीत पडू नका.

पोलची नोंद करताना एसपीएन (सिंगल पोल आणि न्यूट्रल) आणि डीपी (डबल पोल) एक समजू नका. दोन्हींत दोन तारा तुटतात, पण एसपीएनमध्ये न्यूट्रलच्या पोलला संरक्षण नसतं.

आणि स्पेअर. ब्रेकर आहे, पण लोड नाही, तर तो नग आहे, त्याची नोंद होते. जागा रिकामी आहे, नुसती पट्टी लावलेली आहे, तर तिथे उपकरणच नाही. ती संख्या बोर्डाच्या गुणधर्मात जाते.

## ८. कोण कोणाला वीज देतं, ते जोडा

वर्ग बरोबर असूनही जोडणी नसेल तर मॉडेल फक्त यादी राहते. ‘हा फीडर बंद केला तर काय काय बंद पडेल?’ याचं उत्तर जोडणीतून मिळतं आणि शटडाउनच्या आदल्या दिवशी सगळ्यांना तेच हवं असतं.

ब्रेकर बोर्डाचा भाग म्हणून जोडा. मग पोर्ट: वीज येणारा आणि वीज जाणारा. वरच्याचा जाणारा पोर्ट खालच्याच्या येणाऱ्या पोर्टला. शेवटी, एका ब्रेकरखालचे दिवे-सॉकेट मिळून ‘डिस्ट्रिब्यूशन सर्किट’ हा गट करा.

रेव्हिट या बिम सॉफ्टवेअरमधून काम येत असेल तर हे ध्यानात घ्या: तिथे पॅनल ही वस्तू असते, पण आतले ब्रेकर सहसा पॅनल शेड्यूलमधल्या ओळी असतात. एक्स्पोर्ट केल्यावर आयएफसीत ते वस्तू म्हणून येत नाहीत. ते नंतर शेड्यूलवरून तयार करावे लागतील. वेळेचा अंदाज देताना हे धरा. मॅपिंग केलेलं नसेल तर बाकीची उपकरणंही ‘प्रॉक्सी’ (वर्ग न ठरलेली नुसती वस्तू) म्हणून बाहेर पडतात, म्हणून फॅमिलीवर (रेव्हिटमधल्या वस्तूच्या साच्यावर) वर्ग आणि प्रकार आधी भरून घ्या. जुन्या २×३ आवृत्तीची फाइल आली तर प्रत्येक नग नुसता ‘फ्लो कंट्रोलर’ दिसेल, ज्यात झडपा आणि डँपरही असतात. घाबरू नका, तिथे खरा वर्ग जोडलेल्या प्रकार-नोंदीत सापडतो.

## ९. सोपवण्याआधी तपासा

‘नॉट डिफाइन्ड’ आणि ‘प्रॉक्सी’ किती उरले ते मोजा. प्रत्येक उपकरणाला वरचा पुरवठा आहे का बघा. नसलेली फक्त मुख्य इनकमर आणि डीजी, सोलरसारखे स्रोत असावेत. प्रत्येक ‘रेसिड्युअल करंट स्विच’च्या आधी किंवा नंतर त्याच मार्गावर ब्रेकर किंवा फ्यूज सापडला पाहिजे. ‘स्विच डिस्कनेक्टर’च्या नोंदीत वक्ररेषा भरलेली आढळली तर वर्ग नाहीतर गुणधर्म, एक काहीतरी चुकलंय. या अटींपैकी वर्ग, प्रकार आणि गुणधर्मांच्या अटी आयडीएस फाइलमध्ये (मॉडेलमध्ये काय असायला हवं याचे नियम लिहिण्याची फाइल) लिहून ठेवता येतात, म्हणजे प्रत्येक नवी फाइल आपोआप तपासली जाते. जोडणीच्या साखळीसाठी मात्र छोटी पायथन स्क्रिप्ट लागेल.

त्यानंतर एक डीबी निवडा, प्रिंट घेऊन तिच्यासमोर जा आणि डावीकडून उजवीकडे एकेक उपकरण ताडून पाहा. शक्यतो बदल झालेली डीबी निवडा: नंतर एसी बसवलेलं ऑफिस, किंवा वाढीव सर्किट घेतलेली पँट्री.

## ब्रिक वापरत असाल तर

ब्रिकचा भर इमारत चालवताना लागणाऱ्या डेटावर आहे, त्यामुळे त्यातले विद्युत वर्ग ठोक आहेत: ‘स्विचगिअर’, ‘ब्रेकर पॅनल’, ‘डिस्कनेक्ट स्विच’, ‘मोटर कंट्रोल सेंटर’, ‘ट्रान्सफॉर्मर’. त्यातला नुसता ‘स्विच’ हा दिव्यांच्या नियंत्रणासाठी आहे. आयसोलेटर तिथे टाकू नका. आरसीसीबी आणि आरसीबीओ यांतला भेद तिथे वर्गातून दाखवायला जाऊ नका. तो आयएफसीत ठेवा आणि दोन्हीकडे टॅग एकच वापरा. ‘फीड्स’ हे नातं मात्र ब्रिकमध्ये सरळ आणि वापरायला सोपं आहे. आठव्या पायरीतली जोडणी तयार असेल तर पोर्टच्या प्रत्येक जोडीमागे एक ‘फीड्स’ लिहून काढणं स्क्रिप्टचं काम आहे, हाताने करू नका.